अक्कांची वरची हवा

सकाळी जिन्यात भेटल्यावर आमच्या इंदिराअक्कांनी ‘बरी आहेस ना?’ असं कधी विचारलं नाही. त्या मान वर करून सांगायच्या, “आज वर उणे बत्तीस आहे बघ.” वर म्हणजे आमच्या बसवनगुडीच्या इमारतीच्या दहा किलोमीटर वर. खाली कितीही उकडू दे, खालची हवा हा अक्कांचा विषयच नव्हता.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न केलं नाही, सगळी नोकरी उपग्रहांच्या कामात गेली. आपल्याला फोनवर रस्ता दाखवणारे जे उपग्रह असतात, त्यातला एखादा पृथ्वीआड जाऊ लागला की त्याचा सिग्नल हवेतून जाताना किंचित वाकतो. तो दुसऱ्या उपग्रहावर पकडायचा आणि किती वाकला त्यावरून हवा किती गार, किती दमट ते काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून त्या ताजे आकडे बघायच्या. एकदा सोसायटीच्या सभेत टँकरवरून भांडण पेटलं होतं. अक्कांनी “स्वल्प थांबा” म्हणून सगळ्यांना गप्प केलं आणि सोळा किलोमीटरवर किती थंडी आहे ते सांगितलं. लोक इतके गोंधळले, की भांडण तिथंच संपलं.

मी विमानानं पुण्याला जायची, तेव्हा उतरल्या उतरल्या पहिला फोन अक्कांचा. “तुझ्या खिडकीबाहेर उणे पस्तीस होतं.” एवढं बोलून फोन बंद.

यंदा मला ऑफिसजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला घर मिळालं. सांगायला गेले तेव्हा अक्का कॉफी ओतत होत्या. “सरी, बरं,” म्हणाल्या आणि भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“तिथली वरची हवा इथल्यासारखीच,” भांडं खाली ठेवत त्या म्हणाल्या. “वेगळं काही निघायचं नाही. मग मी फोन काय म्हणून करायचा?”

“सहज करा, अक्का.”

“सहज केला तर काय बोलतात?”

मला हसू येणार होतं, पण त्या खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, काहीही बोलतात, आज भाजी काय केली तेसुद्धा चालतं. त्यांनी मान डोलावली.

नव्या घरात आठवडा झाला असेल. रविवारी दुपारी फोन आला.

“वांगी केलीत,” अक्का म्हणाल्या.

नेहमीसारखा लगेच बंद केला की काय, म्हणून मी फोन कानापासून काढून पाहिला.

“स्वल्प जास्तच झालीत,” त्या म्हणाल्या.