उठून जाण्याची रंगीत तालीम

छापील किमतीला गाडी घेतलेला माणूस आजवर कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. शंभरातल्या शंभर जणांना घसघशीत सूट मिळालेली असते (उरलेल्यांना त्याहून जास्त). तरीही गाड्यांची दुकानं चालू आहेत आणि दुकानदार बंगले बांधत आहेत. यावरून त्या मंडळींचं मन किती मोठं आहे ते दिसून येतं.

हेडक्लार्कसाहेबांना हे सत्य उमगलं ते कचेरीतल्या कॅशियरमुळे. त्याला गेल्या वर्षी याच गाडीवर चाळीस हजार सुटले होते. तसं त्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि रोज डबा खाताना पुन्हा सांगत होता. त्यामुळे साहेबांच्या घरी पहिलीवहिली गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा रंग, मायलेज वगैरे किरकोळ बाबी मागे पडल्या. चाळीसाला रुपया जरी कमी सुटला, तरी कचेरीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

गाडी खरं तर आईसाठी हवी होती. गुडघ्यांमुळे तिला स्कूटरवर बसवेना, बसची पायरी चढवेना. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन वर्षं दोघी फोनवरच एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करून रडून घेत होत्या. पण हा झाला भावनिक मुद्दा, आणि भावनिक मुद्दे सेल्समनसमोर काढायचे नसतात.

घासाघिशीत सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे उठून जाणे. गिऱ्हाईक दाराकडे निघतं, दुकानदार मागून हाक मारतो, किंमत खाली येते. सबब आठवडाभर घरी सोफ्यावर रंगीत तालीम झाली. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला की सर्वांनी एकदम उठायचं, गाडीकडे ढुंकूनही न बघता दार गाठायचं आणि चेहऱ्यावर संपूर्ण नैराश्य ठेवायचं. बायकोला तो चेहरा पहिल्याच दिवशी जमला. ("लग्नाला सतरा वर्षं झाली की," ती म्हणाली. साहेबांनी खुलासा मागवला नाही.) मुलगी मोबाइलमधून मान वर काढत नसल्यामुळे तिची उदासीनता अस्सलच होती. आईला मात्र गुडघ्यांच्या कारणास्तव तालमीतून सवलत देण्यात आली. "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच," असं ती म्हणाली होती.

शोरूममध्ये कॉफी फुकट मिळाली (ती किमतीत धरलेली असते). साहेबांनी चाळीस हजारांची मागणी ठेवली. सेल्समन जराही दचकला नाही.

"काका, ऑफिसमध्ये कुणाला तरी मिळाले असतील ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या ऑफिसात तसा एक माणूस असतो. सहा वर्षं झाली मला इथं. त्यांना एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे."

त्यानं आठ हजार आणि पायाखालचे मॅट देऊ केले. साहेबांनी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला. बायको उठली, मुलगी उठली. तिघं तालमीप्रमाणे निघाली. चष्म्याविना साहेब आधी काचेच्या भिंतीवर जाऊन आदळले (तालमीत भिंत नव्हती), पण लगेच सावरून दाराशी पोचले आणि हाकेची वाट बघत उभे राहिले.

हाक आली. पण ती सेल्समनची नव्हती.

"अरे, कुठं निघालात सगळे?"

आई शोरूममधल्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती. पट्टा लावलेला, पिशवी मांडीवर.

"आई, आपण निघतोय," साहेब दातओठ खात म्हणाले.

"मग चालव ना. मी केव्हाची बसलेय." आणि जरा हळू आवाजात, "इथं पाय लांब करता येतात रे. दुखत नाही."

सेल्समन सज्जन होता, तो हसला नाही. त्यानं आईला कॉफी नेऊन दिली आणि साहेबांपुढे पेन धरलं. आठ हजारांचे तेवढ्या अवधीत पाच झाले होते. मॅट मात्र कायम राहिले. साहेबांनी चष्मा लावला, आईकडे एकदा पाहिलं आणि सही केली. त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं, पण कचेरीत सांगता येईल असं यातलं काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी आई बहिणीच्या शेजारी बसून, हात हातात घेऊन, समोरासमोर रडली. मावशीच्या मुलानं खाली जाऊन गाडीभोवती तीन चकरा मारल्या, आणि वर येऊन विचारलंच, "काय दादा, किती सुटले?"

साहेब चष्मा पुसू लागले.

"पन्नास हजार," आई डोळे पुसत म्हणाली. "सरळ उठून निघाला होता माझा मुलगा. मी बघितलंय."

मावसभावाला पुढच्या महिन्यात गाडी घ्यायची होती. त्या दिवसापासून त्याच्या घरी तालमी सुरू झाल्या.

वाचकांनी या कुटुंबाला खुशाल हसावं. तुमच्या गाडीवर किती सुटले, हे आम्ही विचारणार नाही. एवढंच की, तुम्ही चारचौघांत जो आकडा सांगितलात, त्याच्या भरवशावर कुणीतरी आत्ता शोरूमच्या दाराशी सेल्समनकडे पाठ करून उभं आहे, आणि अजून त्याला हाक आलेली नाही.