बारमाही हिरवा

दारासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. एक सेल बदलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाबा म्हणाले, "राहू दे घड्याळ. तिथे आपला चौघांचा फोटो लावू. स्टुडिओत जाऊन काढलेला."

हे प्रेम नव्हतं. घरी येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता विचारतो, "मुलगा काय करतो?" मी कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलोय, हे सांगताना बाबांना खोकला येतो. म्हणून त्यांना दारातच असा झकास फोटो हवा होता, की पाहुण्याने तो बघत राहावं आणि विचारायचंच विसरावं. मी घरातल्या भिंतीवरचा पोपडा होतो. माझ्यावर काहीतरी लावायचं होतं.

बाबा रंगाच्या दुकानात मशीनवर रंग मिसळून देतात. गिऱ्हाईक नुसतं "पांढरा द्या" म्हणालं तर ते शेडकार्ड उघडून चार पांढरे दाखवतात आणि गिऱ्हाईक घाबरून पिवळा घेऊन जातं. त्यामुळे रंगाच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो. (बाकीच्या बाबतीतही शेवटचाच असतो. फक्त तिथे ते कारण देत नाहीत.)

त्यांनी फोटोग्राफरला फोन लावला. तो म्हणाला, "मागे कुठला सीझन हवाय साहेब? बर्फ आहे, पानगळ आहे, वसंत आहे. आधी फोटो काढू, सीझन मागाहून टाकतो."

बाबांनी फोन ठेवला आणि लगेच बैठक बोलावली. कुठल्याही ऋतूत उठून दिसेल असा एकच रंग शोधायचा होता. चौघांना मिळून एक.

"बर्फ घेतला तर पांढरा बाद," बाबा शेडकार्ड पसरत म्हणाले. "पानगळ घेतली तर पिवळा आणि तपकिरी बाद. वर आभाळ दिसलं की निळा बाद."

"मी माझा जांभळाच घालणार," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडे आठ दिवसांसाठी आली होती. ते आठ दिवस मी चौथीत असताना सुरू झाले.

"वसंतात जांभळी फुलं असतात. त्यात तू दिसणार नाहीस."

"मी? दिसणार नाही?" आत्याने एकदा स्वतःकडे बघितलं, मग बाबांकडे. शंका रास्त होती.

"मरून चालेल का?" आईने विचारलं. तिला कोणी उत्तर दिलं नाही. आईचे प्रश्न आमच्याकडे पंख्यासारखे असतात, चालू असले तरी कोणी वर बघत नाही.

शेवटी बाबांचं बोट एका चौकोनावर थांबलं. तो हिरवा नुसता हिरवा नव्हता, ओरडत होता.

"वसंतात हिरवं असतंच की," मी म्हणालो.

"ते गवत. हा हिरवा बघ. असं गवत नसतं, पान नसतं, काहीच नसतं. जगात कुठलीच वस्तू या रंगाची नसते. म्हणून हा बारमाही!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. माणूस इतका बरोबर बोलून इतका चुकू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.)

कापडाच्या दुकानात बाबांनी तागा उन्हात नेऊन शेडकार्डाशी ताडून बघितला. चौघांचे कपडे त्या एकाच ताग्यातून शिवायला टाकले. शिंप्याने विचारलं, "बँडपथक आहे का?" बाबा म्हणाले, "कुटुंब आहे."

मी जाहीर करून टाकलं, "मी हे घालणार नाही. मी माझा काळा टीशर्ट घालणार."

"त्यात काय दिसतं?" आत्या.

"त्यात मी दिसतो."

"अरे, तेच तर नकोय."

फोटोच्या दिवशी मी काळा टीशर्ट घालून खुर्चीत ठाण मांडून बसलो. मला ओढतील, ओरडतील, मग मी दोन खणखणीत वाक्यं ऐकवीन, अशी तयारी होती. बाबा बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "नाही ना यायचं? ठीक आहे. तिघांचा काढू. फ्रेमही लहान लागेल."

हे मात्र माझ्या तयारीत नव्हतं. फोटोत जायला नकार देणं वेगळं आणि फोटोला आपली गरजच नसणं वेगळं.

मग आई आली. हिरवा शर्ट माझ्या मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "तू फोटोत नसलास, तर येणारा प्रत्येक जण विचारेल, मुलगा कुठे आहे. त्यांना सांगायला मीच घरी असते रे."

मी शर्ट घातला. (वरची गुंडी लावली नाही. माझं बंड आता तेवढ्याच जागेत उरलं होतं.)

आम्ही चौघं रस्त्याने निघालो. चौकात ओळीने उभे राहिलो, तर लाल दिवा असूनही एका मोटारवाल्याने गाडी सोडली. आमचा हिरवा बघूनच सोडली असावी.

स्टुडिओत शिरलो आणि मी जागीच थबकलो. छतापासून जमिनीपर्यंत मागे पडदा होता. आमच्याच हिरव्याचा.

फोटोग्राफरने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "साहेब, कपडे जरा..."

"कपडे ठरलेत."

"तसं नाही, मागचा पडदा..."

"पडदा उत्तम आहे! शेड निवडणाऱ्याला नजर आहे."

फोटोग्राफरने खांदे उडवले. ॲडव्हान्स त्याला मिळाला होता. मीच तोंड उघडलं, "बाबा, हा पडदा कॉम्प्युटर काढून टाकतो. तो रंग जिथे जिथे दिसेल, तिथे..."

"स्वतःचं कॉलेज पुरं करता आलं नाही आणि मला रंग शिकवतोय!"

परक्या माणसासमोर बोलले. मी तोंड मिटलं ते मिटलंच. म्हटलं, होऊ दे. काढा फोटो. या घरात शहाणा कोण आहे ते एकदा कळू दे सगळ्यांना. पुढचा अर्धा तास मी इतका आज्ञाधारक उभा होतो, की फोटोग्राफरने माझी स्तुती केली. त्या आनंदात मी एकच बारीकशी गोष्ट विसरलो. मीही हिरवाच होतो.

फोटो बघायला आम्हाला पुन्हा बोलावलं. बाबांनी सीझन बर्फाचा निवडला होता. स्क्रीनवर शुभ्र डोंगर होते आणि त्यात चार मुंडकी तरंगत होती. जरा खाली कोणाचे कोण जाणे, हात लोंबत होते. बाबांच्या पोटाच्या जागी देवदाराचं झाड होतं. आत्याच्या जागी अख्खी दरी आणि दरीत दोन हरणं.

"हरणं गोड आलीत," आत्या म्हणाली.

"आपले पाय कुठे आहेत?" आईने विचारलं. या वेळी सगळ्यांनी वर बघितलं.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "शेड मात्र तंतोतंत जुळली."

मी पोट धरून हसलो. फोटोग्राफर थंडपणे म्हणाला, "काळजी नको. अंगं आहेत माझ्याकडे. तयार." त्याने खटखट बटणं दाबली. बाबांना सपाट पोटाचा सूट मिळाला. आईला रेशीम मिळालं, तेही मरून. आत्याला मोत्यांची माळ आणि चक्क कंबर मिळाली. आणि मला काळा गाऊन, चौकोनी टोपी, हातात पदवीची गुंडाळी.

"तरुण मुलांना हेच देतो," तो म्हणाला. "घरच्यांना आवडतं."

आईने बोट पुढे केलं आणि स्क्रीनवरच्या टोपीपाशी नेऊन मागे घेतलं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्यांना हवा होता तो फोटो समोर होता. आता कोणीही चपला काढताना काहीही विचारणार नव्हतं.

आणि माझं डोकं फिरलं. "काढा हे! मी परीक्षेला बसलेलो नाही. मला असलं उसनं अंग नको. तुम्हाला खोट्यात राहायचंय तर राहा. मी आहे तसा दाखवा!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, शेड जोखतात तसं. "बरोबर बोलतोय तो," ते म्हणाले. "काढा तो गाऊन."

माझा कानांवर विश्वास बसेना. बाबांनी माझं म्हणणं मान्य केलं होतं. (त्यांच्या नव्या पोटाबद्दल बोलायचं होतं, ते मी मोठ्या मनाने सोडून दिलं.)

"मग याला काय घालू? सूट?" फोटोग्राफरने विचारलं.

"काही नको. म्हणालाय ना, आहे तसा? आहे तसाच ठेवा."

तो फोटो आता दारासमोर लावलाय. बर्फात तीन रुबाबदार माणसं उभी आहेत आणि शेजारी, बिनआधाराचं, माझं मुंडकं. "मुलगा काय करतो" असं हल्ली कोणीच विचारत नाही. लोक फोटो बघतात, थबकतात आणि आईचा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणतात, "कधी झालं हो हे?"

आई गडबडते. मग आत्याच पुढे होते.

"अहो, तसं काही नाही. तो आत झोपलाय. ते फक्त त्याचं डोकं आहे. नवंकोरं. अजून वापरायला काढलेलं नाही."