हुज्जतीशिवाय सून नाही

परशुरामशेठ यांची एकुलती एक कन्या तन्वी हिला प्रितेश आवडतो, ही बाब संबंधितांना जरा उशिराच कळली. शेठची किनाऱ्यावर हॉटेले होती. प्रितेशची एक होडी, तीही आईच्या नावावर. शेठनी मुलीचे कार्ड बंद केले आणि म्हणाले, "त्याच्याशीच लग्न करायचं ना? मग आता कमवून खा." तन्वीने आजवर चहाचा कपही विसळला नव्हता. 'कमवून खा' यातले दुसरे क्रियापद तेवढे तिच्या ओळखीचे होते.

प्रितेशची आई कृष्णाबाई बंदरावर मासे विकते. अट तिचीही होती. "माका सून व्हयी, काचेच्या कपाटातली बावली नको. एक पाटी बांगडे विकून दाखय. मगे लगीन."

तन्वी पाटी घेऊन कृष्णाबाईशेजारी जमिनीवर बसली. मासळी बाजार समितीचे अध्यक्ष दत्तप्रसाद यांनी या घटनेची तातडीने दखल घेतली. बाजारात कोणी कशावर बसावे, याबद्दल समितीचे आजवर काही धोरण नव्हते. मात्र शेठच्या मुलीने जमिनीवर बसणे समितीच्या प्रतिष्ठेस बाधक होते. म्हणून खुर्ची आली. खुर्चीवर ऊन येत होते, म्हणून छत्री आली. छत्रीखाली उकडत होते, म्हणून पंखा आला. पंख्याची वायर कृष्णाबाईच्या पाटीवरून जात होती, म्हणून सुरक्षेच्या कारणास्तव कृष्णाबाईला गटाराकडे सरकवण्यात आले.

"थंय वास येता रे," ती म्हणाली.

"मावशी, सुधारणेला थोडी जागा द्यावी लागते," अध्यक्षांनी समजावले.

गिऱ्हाइके आली. त्यांतल्या विनीतसाहेबांनी आधी कृष्णाबाईला भाव विचारला आणि ही लूट असल्याचे जाहीर केले. मग त्याच होडीतले बांगडे त्यांनी तन्वीकडून दुप्पट भावाने घेतले. "सुटे राहू द्या हं, ताई. बाबांना नमस्कार सांगा." बाकीच्यांनीही तोच आदर्श समोर ठेवला. पाटी बघता बघता रिकामी झाली. समितीने शाल-श्रीफळ देऊन तन्वीला 'आदर्श मत्स्यकन्या' घोषित केले. कृष्णाबाईची पाटी भरलेलीच होती.

"आये, तिची पाटी सोपली मा?" प्रितेशने आशेने विचारले.

"सोपली. पण ह्या तिना विकल्यान नाय, वाटल्यान. लोकांनी पैशे तिच्या बापाशीक दिल्यानी."

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. कृष्णाबाईच्या धंद्यात, गिऱ्हाईक हुज्जत घालत नाही तोवर मासा विकला असे धरत नाहीत. तन्वीशी दिवसभरात एकानेही हुज्जत घातली नव्हती. खरे तर जन्मापासून कोणी घातली नव्हती.

"मग मी काय करू?" तन्वीने विचारले. आवाज रडवेला होता.

"तुका कोण वळखणत नाय, थंय बस."

शिरोड्यात परशुरामशेठचे हॉटेल नव्हते, त्यामुळे तिथल्या बाजारात तन्वी कोणाचीच मुलगी नव्हती. खुर्ची आली नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाइकेही आली नाहीत. तिचे बांगडे मांजरांनी खाल्ले, हात सोलले, आवाज बसला. प्रितेश रोज पाटी उतरवून द्यायचा आणि अट असल्यामुळे लांब उभा राहायचा.

मग एका सकाळी एक गिऱ्हाईक थांबले. बांगडे निम्म्या भावात मागितले, एकाचा कल्ला उघडून पाहिला, नाक मुरडले.

"काय गो, ह्यांचे डोळे लाल कशे?"

"तुमचो भाव ऐकान रडतत," तन्वी म्हणाली.

गिऱ्हाईक उठून चालू लागले. तन्वीने हाक मारली नाही. चार पावलांवरून गिऱ्हाईक परत आले. पुन्हा घासाघीस झाली, दोन्हीकडच्या पूर्वजांचा उल्लेख झाला. शेवटी मधल्या भावावर तडजोड झाली आणि एक बांगडा वर घालावा लागला.

त्या दिवशी न सांगता येऊन मागे उभ्या राहिलेल्या कृष्णाबाईने पदर खोचला. "रे प्रितेश, भटजीक इचार, म्हूर्त कधी आसा."

लग्न झाले. हॉटेलात नाश्त्याचे जे बिल येते ते न वाचता भरणारे आणि मासे निम्म्या भावात मागणारे ते गिऱ्हाईक कोण, हे तन्वीला अजून ठाऊक नाही. आम्हीही नाव सांगणार नाही. बाकी, त्या सकाळचे तुमचे बांगडे ताजे निघाले ना?