सभासद क्रमांक दोनशे चौदा

मुलांचं मन आपल्याला जितकं कळतं तितकं त्यांच्या आयांनाही कळत नाही, याबद्दल ग्रंथालयातल्या बालविभागाच्या बाईंना तिळमात्र शंका नव्हती. अकरा वर्षं दर शनिवारी त्या गोष्टींचा तास घेत होत्या. नवऱ्याच्या हिरव्या मोज्यावर दोन बटणं शिवून त्यांनी मगर केली होती. मोजा उजव्या हातावर चढला, की बाई गप्प आणि मगरताई सुरू! पोरं हसून हसून गडाबडा लोळायची.

सभासद कसं व्हायचं हे दाखवायला बाईंनी एकदा मगरताईंचाच अर्ज भरला. व्यवसाय : नदीवर पहारा. पत्ता : टेबलाचा डावा खण. पुस्तक कसं न्यायचं तेही ओघाने दाखवलं. होड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक रजिस्टरात मगरताईंच्या नावावर चढलं आणि त्यांच्याबरोबर खणात गेलं.

मग कुणा पालकाची तक्रार गेली, की इथे मुलांच्या डोक्यात खोटं ते खरं म्हणून भरवतात! वरच्या साहेबांचा फोन आला. "शनिवारी मी स्वतः येतो. मुलांना ती मगर खरी वाटत असेल, तर तास बंद!"

त्या एका तासाच्या जिवावर तर बाई आठवडाभर पुस्तकांना कव्हरं घालत! साहेब यायच्या आत मुलांना हळूच खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी मुलं जमली.

"मुलांनो, आपल्या मगरताई आहेत ना..."

वीस चेहरे वर झाले.

"...त्या आज भलत्याच खुशीत आहेत!" बाई म्हणाल्या. जीभच रेटेना!

तेवढ्यात साहेब आले. साहेबांची रीत ठरलेली : आधी रजिस्टर, मग माणसं. तिसऱ्याच पानावर ते गरजले, "दोनशे चौदा नंबरचे सभासद कोण? चार महिने पुस्तक परत नाही!"

"त्या... इथेच असतात, साहेब."

"मग बोलवा की! काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

बाईंनी डाव्या खणातून मोजा काढून हातावर चढवला. आता नोकरीच जाते, या तयारीने त्या उभ्या राहिल्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि मोज्याकडे रोखून पाहिलं.

"नियम माहीत आहेत ना तुम्हाला?" ते मोज्याला म्हणाले.

"चुकलंच, साहेब," मगरताई म्हणाल्या. "पण पुस्तक फार आवडलं हो!"

"आवडलं म्हणून काय झालं? बाकीच्या वाचकांनी काय करायचं? आणि म्हणे व्यवसाय पहाऱ्याचा!"

"साहेब, मी काय म्हणते..." बाईंनी मध्ये तोंड घातलं.

"तुम्ही थांबा हो! मी यांच्याशी बोलतोय ना?"

शेवटी मगरताईंनी तोंडात पेन धरून लेखी माफी दिली. साहेब विरघळले. "असू दे, असू दे. पुन्हा नको एवढंच. पाणी घेणार?" म्हणत त्यांनी टेबलावरचा पेला मोज्यापुढे धरला.

मग आपण कशाला आलो ते त्यांना आठवलं. ते मुलांकडे वळले. "काय रे, ही मगर खरी आहे का?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले.

"नाही! मोजा आहे तो!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

साहेब दचकले. त्यांनी मोज्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं, आणि ते पाणी घाईघाईने स्वतःच पिऊन टाकलं. 'मुलांना खऱ्याखोट्याचे उत्तम भान आहे. तास चालू ठेवावा,' असा शेरा मारून ते निघाले. दारातून "येतो हं, ताई" म्हणाले, ते नक्की कुणाला, हे विचारायची बाईंची छाती झाली नाही.

सुंठीवाचून खोकला गेला! बाईंना आकाश ठेंगणं झालं. "अरे लबाडांनो, कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून," पुढच्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. चष्मेवाली उठली आणि तिने बाईंचा हात हळूच हातात घेतला.

"तास संपला की तुम्ही तिला खणात ठेवता ना, आणि 'नीट झोप हं' म्हणता... मग आम्ही ठरवलं, बाईंना कुणी सांगायचं नाही. फार लागलं असतं तुम्हाला."