मनानं सांगितलं, आलो

विसूतात्या दारात उभे राहिले, की आमच्या गुहागरातला माणूस आधी स्वतःची नाडी बघे. कारण तात्या उगाच कुणाकडे जात नसत. तुमचं काहीतरी बिनसलंय असं त्यांच्या मनानं घेतलं, की ते पुढ्यातलं ताट सारून निघत. अंगणात येऊन तुम्हांला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत. तुम्ही धडधाकट आहात अशी खात्री पटली, की तांब्याभर पाणी पीत आणि म्हणत, "मनानं सांगितलं, आलो. चालू दे तुमचं."

आता मौज ऐका. हे मन कधीही खरं सांगत नसे. वेळणेश्वरचा मावसभाऊ अंथरुणाला खिळलाय म्हणून तात्या भर उन्हात चालत गेले, तर भाऊ पंगतीत पैजेवर लाडू खात बसलेला. शेजारच्या गोपाळभटांकडे ते लागोपाठ दोन दिवस गेले, तेव्हा भटजींनी घाबरून मृत्युंजयाचा जपच सुरू केला. भटजींना काही झालं नाही. जपामुळे, असं भटजी म्हणत. मी वेळेवर गेलो म्हणून, असं तात्या.

निघताना काही आडवं येऊ नये म्हणून त्यांनी संसारही सुटसुटीत ठेवला होता. दोन पंचे, एक पातेलं, एक तांब्या. दाराला कुलूप नाही. निदान एक गाय तरी ठेवा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "आणि मी निघालो की धार काढायला तू येशील?" एकदा कुणी मांजर दिलं, तेही त्यांनी परत पाठवलं. मांजराला सांगून कोण जाणार!

एका श्रावणात सकाळीच ते माझ्या ओटीवर आले. मी घाईघाईनं म्हटलं, "तात्या, मी बरा आहे."

"तुझं कोण विचारतंय? दाभोळच्या अक्काचं काही खरं नाही. चल. तरीवाला नाही म्हणाला तर भांडायला माणूस हवा. मला भांडता येत नाही."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सख्खं असं तेवढं एकच माणूस त्यांना उरलं होतं. पावसाळ्यात आगबोटी बंद. दाभोळ गाठायचं तर धोपाव्यापर्यंत पायी आणि पुढे तरीच्या होडीनं खाडी पार. फुकट तमाशा दिसत असेल, तर माझे पाय दुखत नाहीत. निघालो.

खाडी उसळलेली. तरीवाले हसनमियाँ म्हणाले, आज नको, वारा पडेपर्यंत थांबा. भांडायला आणलेला मी पाण्याकडे बघून गप्प झालो. तात्यांनी पंचा कमरेला खोचला. होडीत जाऊन बसले आणि करवंटीनं आतलं पाणी उपसू लागले.

हसनमियाँनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तात्या, तुमची अक्का गेल्या श्रावणातपण मरायला टेकली होती. लाडू देऊन परत धाडलं तिनं आपल्याला."

"होय. तेव्हा चुकलो," तात्या म्हणाले आणि उपसत राहिले.

शेवटी वारा थोडा मंदावला आणि हसनमियाँनी होडी सोडली. मी सगळ्या देवांना हाका मारून घेतल्या. तात्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण लाटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नजर दाभोळच्या काठावर.

अक्का विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "आलास? या खेपेला कशानं मेले होते मी, मेल्या?"

तात्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पायरीवर बसले. पाणी दिलं तर एका दमात तांब्या रिकामा केला. अक्कानं ते पाहिलं आणि चुलीवर जास्तीचा भात टाकला.

परतताना खाडी निवळली होती. माझा जीव आणि जीभ दोन्ही जागेवर आली. म्हटलं, "तात्या, खरं सांगा. या मनानं जन्मात एकदा तरी बरोबर सांगितलंय?"

"एकदा."

मी हसत पुढच्या किश्श्याची वाट बघत राहिलो.

"आमची ही पहिलटकरीण. माहेरी, मंडणगडास. मला घास उतरेना. आई म्हणाली, उगाच धावू नको, देवाला विचार. देवळात कौल लावला. गुरवानं मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली. म्हणजे सगळं ठीक, जायचं कारण नाही." तात्यांनी पंचा खांद्यावर सारखा केला. "म्हणून घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी माणूस आला, दोघंही गेल्याचं सांगायला."

हसनमियाँचं वल्हं क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

काठ जवळ आल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "अक्का जरा बारीक वाटली, नाही रे?"

अक्का चांगली पिंपासारखी होती.

"वाटली थोडी," मी म्हणालो. "बघून येऊ पुन्हा."