हलक्या सॅकची पाठराखीण

मला साठावं वर्ष लागलं त्याच महिन्यात मला बघायला पहिली सॅक आली.

ती मोरपंखी रंगाची होती, चाळीस लिटरची, वजन नऊशे ग्रॅम. महिला सॅक सूचक केंद्राचे निकम तिला दोन्ही हातांवर घेऊन तीन जिने चढून आले, सोफ्यावर नीट बसवलं आणि रुमालाने घाम पुसत म्हणाले, "पाणी नंतर. आधी पोहे आणा, तशी पद्धत आहे." पोहे सॅकपुढे ठेवायचे असतात. सॅका खात नाहीत. निकम खातात.

बायकांच्या हलक्या सॅका चोखंदळ असतात हे सगळ्यांना माहीत आहे. एका दिवसाच्या सहलीला कुठलीही पिशवी कुणाच्याही पाठीवर बसते, तिचं काही म्हणणं नसतं. पण मुक्कामी ट्रेक असेल तर सॅकचं संमतीपत्र लागतं. ते नसेल तर पायथ्याच्या चौकीवर बाईला वर सोडत नाहीत. आमच्या वेळी हे नव्हतं. आमच्या वेळी बायकांच्या सॅकाच नव्हत्या. पुरुषांच्या मापाच्या होत्या, त्या आम्ही पाठीवर टाकायचो आणि चार बोटं लांब होतात म्हणून कमरेला टॉवेल गुंडाळायचो. टॉवेल अंघोळीलाही उपयोगी पडायचा, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

माझी जुनी सॅक शहाऐंशी सालची. देवळाली कँपातल्या एका तंबू शिवणाऱ्याने खाकी कॅनव्हासची शिवून दिलेली, रिकामी पावणेतीन किलो. तिचा उजवा पट्टा डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. ते पमीचं काम.

पमी म्हणजे प्रमिला गांगुर्डे. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. नव्वद साली कात्राबाईच्या खिंडीत माझा पाय मुरगळला, तेव्हा तिने स्वतःची सॅक पोटावर आणि माझी पाठीवर घेतली आणि कुमशेत गाठलं. वाटेत माझ्या सॅकचा उजवा पट्टा तुटला. पमीने दाभण काढून तो तिथेच शिवला, स्वतःच्या मापाने. तिचा उजवा खांदा जन्मापासून दोन बोटं खाली आहे. मी घरी आल्यावर पट्टा उसवून सारखा करणार होते. मग उसवावासा वाटला नाही. पुढची चौतीस वर्षं मी तसाच वापरला, आणि आता डॉक्टर म्हणतात की माझी कंबर एका बाजूला कलली आहे, सॅक बदला, आणि सगळं मिळून आठ किलोंच्या वर उचलू नका.

मी उचललंही नसतं. पण दसऱ्याला नागपूरहून पमीचा फोन आला. "कुंदे, मार्गशीर्षात चार दिवस काढ. रतनवाडी ते पाचनई, आपली जुनी वाट. मी झाकण आणते."

झाकणाचं असं आहे. आम्ही ओझं वाटून घ्यायचो. जर्मनचं पातेलं माझ्या सॅकमध्ये, त्याचं झाकण पमीच्या. अठ्ठ्याण्णव साली पमीच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली, टेम्पो भरताना झाकण तिच्या सामानात गेलं. मी नंतर नवीन झाकण घेतलं नाही. ट्रेकला पातेल्यावर ताटली ठेवायचे. ताटलीखाली खिचडी शिजते, पण वाफ एका बाजूने जात राहते आणि आपण बघत बसतो. फोनवर आम्ही सणावारी बोलायचो, येते येते म्हणायचो आणि कुणीच यायचं नाही. यंदा नाही जमलं तर पुढे जमेल, असं आमच्या दोघींच्या गुडघ्यांकडे बघून कुणी म्हटलं नसतं. म्हणून मी केंद्रात नाव नोंदवलं.

मोरपंखी सॅकने "घरी जाऊन कळवते" म्हटलं आणि चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं: पाठ जुळत नाही. दुसरी करड्या रंगाची होती. तिच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की मी ओले मोजे सॅकच्या बाहेर वाळत घालते. तिने पोहे व्हायची वाटसुद्धा पाहिली नाही. निकमांना फार वाईट वाटलं.

तिसरी आली तेव्हा ट्रेकला अकरा दिवस राहिले होते. आंब्याच्या कोवळ्या पालवीचा रंग, पंचेचाळीस लिटर, आठशे ऐंशी ग्रॅम. नायलॉनच्या सॅका जरा नाकात बोलतात, तशी तीही बोलायची, पण बोलणं स्पष्ट होतं. माझ्या बाजूने घरात वडीलधारं कुणी नाही, म्हणून मी जुन्या सॅकला माळ्यावरून काढून, झटकून खुर्चीत बसवलं होतं.

"पाठीची लांबी?" पालवी रंगाच्या सॅकने विचारलं.

"मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत सोळा इंच."

"नोंदणीत साडेसोळा आहे."

"ती नोंदणी दसऱ्याची आहे."

निकमांनी दुरुस्ती केली.

"चालून दाखवता?"

हे मला आयुष्यात एकदाच, सत्त्याऐंशी साली, विचारलं गेलं होतं. ओझरहून एक मुलगा बघायला आला होता आणि त्याची आई म्हणाली, चालून दाखव. मी आदल्याच दिवशी रतनगडावरून उतरले होते. पाय छान मोकळे होते. मी दारापर्यंत चालले, जिना उतरले आणि चालतच राहिले ते थेट पमीच्या घरी. पमीने दार उघडलं, माझ्या अंगावरची जरीची साडी बघितली आणि काही न विचारता चहा टाकला. लग्न ते राहूनच गेलं. वाईट वाटून घ्यावं म्हटलं तर दर शनिवार-रविवारी कुठला ना कुठला किल्ला असायचा.

या वेळी मात्र मला राग आला नाही. सॅकने चालून दाखवा म्हणणं रास्त आहे, तिला त्याच चालण्यावर बसायचं असतं. तिच्यात तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या, कमरेचा पट्टा आवळला आणि मी बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत सहा फेऱ्या मारल्या. मग तीन जिने उतरून चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या भामरे वहिनींनी दार किलकिलं करून विचारलं, "झाली का हो पसंती?" मी म्हटलं, अजून प्रश्न चाललेत. खरं सांगायचं तर मला ती तिथेच, जिन्यात, पसंत पडली होती. ओझं खांद्यांवरून निघून कमरेवर जाऊन बसलं होतं आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही खांदे एका रेषेत होते. पण माझ्या पसंतीचा रकाना अर्जात नाही.

"सामान काय नेणार?" तिने वर आल्यावर विचारलं.

मी यादी वाचली. तिने एकेक वजन विचारलं. कॅरीमॅट चालली. टॉर्च चालली. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापलाय हे ऐकून ती खूश झाली.

"पातेलं?"

"पाचशे ग्रॅम. जर्मनचं."

"झाकण?"

"झाकण नागपूरला असतं. येणार आहे."

"सव्वाशे ग्रॅमचा पेला मिळतो आता, झाकणासकट. त्यात पाणी उकळतं, पाकीट फोडून टाकलं की जेवण. पातेलं कशाला?"

"पातेल्यात दोघींची खिचडी होते."

"माझ्याबरोबर पातेलं येणार नाही," ती म्हणाली.

निकमांनी चमचा खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं. आठशे ऐंशी ग्रॅम, सोळा इंच, माझ्या कमरेसाठीच बेतल्यासारखा पट्टा. यानंतर केंद्रात माझ्या मापाची एकही सॅक नव्हती, हे निकमांनी आल्या आल्या दारातच कानात सांगितलं होतं.

"मग राहू द्या," मी म्हटलं.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. माझी जुनी सॅक फारशी बोलत नाही. कॅनव्हासच्या बोलत नाहीतच.

"बाळ," ती म्हणाली, "तू कधी बाहेर मुक्काम केलायस का गं?"

पालवी रंगाची सॅक म्हणाली, "मी केंद्रात असते. काचेच्या कपाटात."

"वारा लागलाय कधी?"

"पंखा आहे तिथे."

"अगं मग हिला पातेलं जड होत नाहीये," जुनी सॅक मला म्हणाली. "पोर घाबरलीय. पहिल्या खेपेला लेकीला एकटी धाडतात होय? मी येते पाठराखीण म्हणून."

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीबरोबर चार दिवस सासरी राहायला जाते ती. सॅकांमध्ये ही चाल उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. निकमांनी मात्र लगेच बॅगेतून नियमावली काढली आणि बोट फिरवत वाचली. "आहे, आहे. पाठराखिणीला संमतीपत्र लागत नाही. वजनाची मर्यादा नाही. तिला काम सांगायचं नाही, मानाने न्यायची आणि मानाने परत पाठवायची. फक्त तिला पाठ लागते."

"मी पुढून, पोटाशी धरून नेईन."

"मग ती पोटराखीण होईल, बाई. तशी तरतूद नाही."

"मी येते," पालवी रंगाची सॅक हळूच म्हणाली, "या आजी असतील तर. पातेलंही चालेल."

संमतीपत्र मिळालं, पण सशर्त: पाठराखिणीस पाठ उपलब्ध झाल्यास. मी आठवडाभर पाठ शोधली. भामरे वहिनी म्हणाल्या, पाठ आहे पण ती उन्हाळ्यात पापडांना लागते, आत्ताच डोंगरात झिजवायची नाही. माझा भाचा म्हणाला, सुट्टी नाही. पमीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती तिची सॅक घेऊन येणार, आणि एका पाठीवर दोन सॅका घ्यायचे तिचे दिवस गेले होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला आणायला नाशिकरोड स्टेशनवर गेले. छत्तीस वर्षांच्या पमीला शोधत होते की काय कोण जाणे, समोरून येणारी पांढऱ्या केसांची बाई मला ओळखूच आली नाही. मग तिचा उजवा खांदा दिसला. दोन बोटं खाली. मी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या रडले.

"रडतेस काय म्हशीसारखी," पमी म्हणाली आणि स्वतःही रडायला लागली.

तिच्या खांद्याला एक शबनम पिशवी होती, बाकी काही नाही.

"तुझी सॅक?"

"अकरा आल्या बघायला. अकराही जणींनी नाही म्हटलं. खांदे सारखे नाहीत म्हणे." तिने शबनममधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. "झाकण द्यायला आले गं. फोनवर सांगितलं असतं तर तूही गेली नसतीस. तू जा. रतनगडाच्या नेढ्यात, त्या आरपार भोकात बसून मला एक हाक मार."

मी झाकण घेतलं नाही. तिला रिक्षात घातलं, घरी आणलं, तीन जिने चढवले, मध्ये दोनदा बसवलं, आणि जुन्या सॅकपुढे नेऊन उभी केली. पमीने खाली वाकून उजव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. दाभणाचे टाके तसेच होते.

"अगं, हा तू उसवला नाहीस?"

"वेळ झाला नाही," मी म्हटलं.

तिने सॅक पाठीवर घेतली. ती सरळ बसली, इतकी सरळ की निकमांना बोलावून दाखवावी लागली. त्यांनी मागून, पुढून बघितलं, पोहे खाल्ले आणि संमतीपत्रावर 'पाठ उपलब्ध' असा शिक्का मारला.

रतनवाडीच्या चौकीवर नोंद झाली: बायका दोन, सॅक एक, पाठराखीण एक. पाठराखिणीला काम सांगायचं नसतं, म्हणून तिच्यात पमीचे कपडे आणि झाकण एवढंच होतं. बाकी सगळं पालवी रंगाच्या सॅकने वाहिलं, आठ किलोंच्या आत. चढाला ती एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी गुहेपाशी वारा सुटला तशी ती जुनीच्या अंगाला टेकून बसली आणि तिने विचारलं, "हा तो का?" जुनी म्हणाली, "हो. अजून वाढेल." खिचडी शिजताना वाफ कुठूनही गेली नाही. आम्ही दोघी झाकणाकडे बघत बसलो होतो.

चार दिवस तसेच गेले. कुठल्या वळणावर कोण काय बोललं होतं ते पमीला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं, आणि जे आठवत नव्हतं ते तिने रचलं. पाचनईला उतरताना पालवी रंगाच्या सॅकने विचारलं, "पाठराखीण किती दिवस राहते?"

"चारच," जुनी म्हणाली. "मग तिला मानाने पाठवतात."

नियमच तसा आहे. पाठराखीण आली त्या घरी परत जाते का, हे मी निकमांना विचारलं होतं. त्यांनी नियमावली पाहिली. तिथे लिहिलं होतं: ज्या पाठीवर आली त्या पाठीवर जाते.

नाशिकरोडला मी जुन्या सॅकची खणानारळाने ओटी भरली. नारळ साडेचारशे ग्रॅमचा होता, पण पाठराखिणीला वजन विचारत नाहीत. पमीने सॅक पाठीवर घेतली, झाकण काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे गं आता तरी. पूर्ण होऊ दे तुझं भांडं."

मी झाकण घेतलं. मग माझ्या सॅकमधून पातेलं काढलं आणि तिच्या सॅकमध्ये, नारळाशेजारी ठेवलं.

पमी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पुढच्या मार्गशीर्षात..."

"मी झाकण आणते," मी म्हटलं.

गाडी हलली. खाकी सॅक दारात दिसत होती तोवर दिसली. मी झाकण माझ्या सॅकमध्ये ठेवलं आणि पट्टा आवळला.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे चाळीस ग्रॅम."

"एवढं चालेल," ती म्हणाली. "जपून ठेवा, वाजू देऊ नका."