निळ्या टॉवेलवरचं मुंबार

"राफत, ती पट्टी काढ आधी! मुंबार आहे ते, तुझ्या इस्पितळातली गाठ नाही," नगला ओट्यापाशी उभी राहून ओरडली.

पण तोवर फोटो निघाला होता. टांट्याला राहणाऱ्या बहिणीला मुंबार कसं भरलंय ते दाखवायचं, म्हणून नगलानं नवऱ्याला हाक मारली होती. मसालेदार तांदूळ ठासून भरलेली, उकडून घेतलेली, तळायची बाकी असलेली ती आतडी डॉ. राफत गोहर यांनी निळ्या टॉवेलवर मांडली, आतला भात दिसावा म्हणून एक मधोमध कापलं आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवली. जन्म गेला होता कर्करोगाच्या गाठींचे असे फोटो काढण्यात. पट्टीशिवाय त्यांचा हात बटणाकडे जायचाच नाही. धाकटी जन्मली तेव्हाही पाळण्यात पट्टी ठेवली होती, आणि नगला ते अजून विसरली नव्हती.

सकाळी इस्पितळात एका आतड्याच्या गाठीचाही त्यांनी असाच फोटो काढला होता. मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारीशेजारी, दोन्हींत निळं कापड, दोन्हींत पट्टी. वर्गाची वेळ झाली होती, चष्मा कपाळावर होता. घाईघाईत एकावर बोट पडलं, तो मेहुणीला गेला आणि दुसरा वर्गाच्या पडद्यावर.

आजचा वर्ग साधा नव्हता. डीन इज्जत शुक्री स्वतः ऑनलाइन येऊन बसले होते. जुने, तापट सर्जन. त्यांचा कॉम्प्युटरवरच्या शिकवण्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"तुमची पोरं नावं लावून झोपतात, राफत," वर्ग सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले होते. "आज एकानंही तोंड उघडलं नाही, तर रविवारी आठवडा सुरू होताच सगळे परत कॉलेजच्या हॉलमध्ये."

त्या हॉलचं नाव काढलं तरी राफत हात जोडायचे. तिथला प्रोजेक्टर सगळेच कर्करोग पिवळे दाखवायचा आणि मागच्या बाकांवरून पेशी सोडाच, मास्तरही दिसायचा नाही. ऑनलाइन वर्गात मात्र दूर मातरूहमध्ये घरी बसलेल्या पोरीच्याही डोळ्यांपुढे पेशी पानाएवढी व्हायची. दोन वर्षं जिवापाड मेहनत करून त्यांनी हे उभं केलं होतं. ते गेलं असतं तर त्यांना खरोखर रडू आलं असतं.

"तर मुलांनो," त्यांनी फोटोकडे न बघताच सुरुवात केली, "मोठ्या आतड्याचा नमुना. काय दिसतंय?"

दोनशे नावं, दोनशे बंद कॅमेरे. कुठूनतरी कोंबडा आरवला तेवढाच.

"बोला ना रे. हाजिम?"

"सर..." हाजिम चाचरला. "आत बारीक पांढरे दाणे दिसतायत."

"छान! आणि?"

"आणि सर... हिरवं काहीतरी."

"हिरवं म्हणजे पित्त," डीनचा आवाज घुमला. त्यांना राहवलं नाही. "अरे, यात विचारायचं काय? आयुष्यभर हेच कापलं मी! पार भिंतीपर्यंत गच्च भरलंय. सरळसरळ कर्करोग. एक मिनिट न घालवता काढून टाकायला हवं!"

राफतनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ते हिरवं पित्त नव्हतं. शेपू होता.

खरं सांगावं तर डीनची दोनशे पोरांसमोर शोभा होणार, आणि वर्ग आजच बंद. गप्प बसावं तर दोनशे होतकरू डॉक्टर जन्मभर मुंबारला कर्करोग समजणार. त्यांनी फोटो हटवायला बोट पुढं केलं, ते चुकून मोठं करण्याच्या खुणेवर पडलं. भाताचा एकेक दाणा पडदाभर झाला.

"डॉक्टर, एक विचारू?" मातरूहची युसरा होती. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "या रोग्याला जिरं चालतं का? कारण मला ते जिरं दिसतंय."

"टोमॅटो कमी पडलाय," कुणीतरी म्हणालं.

"कमी कुठला? माझी आई एवढाच घालते!"

"तुझ्या आईचं मुंबार फुटतं, मी खाल्लंय!"

बघता बघता कॅमेरे उघडले. कुणी गादीवर, कुणी गच्चीवर, पण सगळे टक्क जागे. आतडं कसं उलटावं, आतली चरबी किती खरवडावी यावर तावातावानं चर्चा सुरू झाली, आणि युसरानं आतड्याच्या भिंतीचे सगळे थर क्रमानं, न अडखळता सांगितले.

तेवढ्यात नगला झारा घेऊनच खोलीत आली.

"राफत! बहिणीचा फोन आलाय, ती रडतेय! म्हणते, 'मुंबारला हे काय झालंय?' तिला कसला फोटो पाठवलास रे? आणि पट्टी मुंबाराशेजारीच ठेवून आलास. आता तळू की मोजू?"

डीनचा चेहरा पडद्यावर लाल होत गेला. राफतनी डोळे मिटून घेतले. रविवार, हॉल, पिवळा प्रोजेक्टर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"डॉ. गोहर," डीन घसा खाकरून म्हणाले. "मी काय म्हटलं होतं?"

"कर्करोग म्हणालात, सर."

"ते नाही. नंतर."

"एक मिनिट न घालवता काढून टाकायला हवं."

"मग? अजून का काढलं नाही? बाईंना म्हणावं, तळा आणि दुपारच्या आत माझ्या ऑफिसात पाठवा. सर्जनचा शब्द आहे." दोनशे पोरं खदखदून हसली. डीन थांबले, त्या उघड्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. "हॉलमध्ये तीस वर्षं शिकवलं मी. इतके जागे कधीच नव्हते. चालू ठेवा तुमचा वर्ग. दर आठवड्याला मीही येऊन बसेन."

राफतचा जीव भांड्यात पडला. "आभारी आहे, सर!"

"पुढच्या आठवड्यात कुठला अवयव?"

"लिव्हर, सर."

"वा! बाईंना इस्कंदरानी पद्धतीनं परतायला सांगा. मिरची जरा जास्त."